चार पानांचं दीड पान

मॅडम, तुमच्या शोकसभेतला चहा चांगला होता. आलं घातलेला, आणि चक्क गरम. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "माणूस मेल्याशिवाय या कॉलेजात कुणाला धड चहा करता येत नाही." तुम्ही नव्हतात, म्हणून मीच मनात म्हटलं आणि दुसरा कप घेतला.

पाच जण बोलले. तुम्ही वंचितांचा आवाज होतात, असं पाचही जणांनी सांगितलं. त्यातले दोघे तुम्ही हयात असताना तुमच्याशी बोलतही नव्हते. तासांच्या वाटपावरून भांडण झालं तेव्हा त्यांनी स्टाफरूममधल्या आपल्या खुर्च्यासुद्धा तुमच्या शेजारून हलवून घेतल्या होत्या. आता 'आमच्या सुधाताई' म्हणताना दोघांनीही रुमाल काढले. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय! तुम्हाला म्हैस म्हटल्याबद्दल माफ करा. पण ही म्हण तुम्हीच दर शोकसभेत माझ्या कानात पुटपुटायचात.

मीही बोलले. तुमची लाडकी विद्यार्थिनी, आता हडपसरच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवणारी सुजाता, अशी माझी ओळख करून दिली गेली. मी तुमचा तो नियम सांगितला. पहिली मुलाखत स्वतःच्या घरात घ्यायची. ज्याला आपल्या आईला चार प्रश्न विचारता येत नाहीत, त्याने परक्याच्या दारात वही घेऊन जाऊ नये. सभागृहात माना डोलल्या. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी तर वहीत लिहूनही घेतलं. त्या नियमाने आमच्या घराचं काय झालं, ते मी सांगितलं नाही. शोकसभेत खरं बोलायची पद्धत नाही, आणि पुण्यात तर नाहीच नाही.

तुम्ही गेल्याच्या पाचव्या दिवशी तुमच्या प्रकाशकांचा फोन आला. तुमच्या सामाजिक समस्यांवरच्या पुस्तकाची नवी आवृत्ती जूनच्या आत काढायची आहे. दुरुस्त्या मीच कराव्यात, माझ्यापेक्षा ते पुस्तक कुणाला माहीत असणार? आणि सुरुवातीला तुमच्यावर दोन पानं लिहावीत. "जरा हृद्य अशी," ते म्हणाले. मी बघते म्हटलं. म्हणजे ज्या पानासाठी मी तुमच्याशी इतकी वर्षं भांडले, ते पान आता माझ्या हातात आलं. ठेवायचं की काढायचं, विचारायला तुम्ही नाही. वा, मॅडम! वेळ बरी साधलीत.

तुमची वहीची एक पद्धत होती. डाव्या पानावर समोरचा माणूस बोलला ते, शब्दन् शब्द. उजव्या पानावर आपलं निरीक्षण. डाव्या पानावर कुणी स्वतःची अक्कल चालवली की तुम्ही लाल शाईने गोल करायचात आणि बाजूला लिहायचात, 'हे कोण बोललं?' मी एस.वाय.ला होते. आम्ही खडकीला, दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. माझे वडील, अण्णा, तिथे कामगार होते. ते प्यायचे, आणि प्यायले की आईला मारायचे. हे कळायला मला मुलाखतीची गरज नव्हती, आमच्या घरात आतली भिंत एकच होती. तरी मी वही घेऊन आईसमोर बसले. ती आधी हसली. "मला काय इचारतीस गं, तू तर बघतीसच की." मग बोलायला लागली आणि थांबेचना. तिला जन्मात कुणी समोर बसून काही विचारलंच नव्हतं.

त्या ओघात तिने कानाचं सांगितलं. अण्णांना डाव्या कानाने ऐकू यायचं नाही. कारखान्यात चाचणीचा बार फार जवळ झाला आणि पडदा गेला, असं ते सगळ्यांना सांगायचे. क्वार्टर्समध्ये त्या कानाला मान होता. जयंतीच्या कार्यक्रमात त्यांना पुढची खुर्ची मिळायची, पोरं त्यांच्या उजव्या बाजूला येऊन बोलायची. आईने मला सांगितलं, तो कान बाराने गेला नव्हता. एका सुट्टीच्या दुपारी प्यायलेले अण्णा तिला मारून मारून दमले आणि झोपले, तेव्हा तिने सगळा जीव एकवटून त्यांच्या कानशिलात ठेवून दिली. आयुष्यात एकदाच. ते जागेही झाले नाहीत. उठल्यावर कान वाजत होता, आदल्या दिवशी खरंच एक बार जवळ झाला होता, त्यांनी याचं त्याला जोडलं. आई गप्प बसली. तिच्याखेरीज हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यांना स्वतःलासुद्धा.

डावी चार पानं भरली. तुम्ही ती स्टाफरूममध्ये उभ्या उभ्या वाचलीत, मग खुर्चीत बसलात, मग परत वाचलीत. "सुजाता," तुम्ही म्हणालात, "असं मटेरियल मला इतक्या वर्षांत मिळालं नाही." माझ्या आईला तुम्ही मटेरियल म्हणालात आणि मॅडम, मला अभिमान वाटला. मी उड्या मारत बसस्टॉपवर गेले. वही परत मागितली नाही. त्या विषयात मी वर्गात पहिली आले.

तुमच्यावर धड रागावताही येत नाही, हे तुम्ही फार वाईट करून ठेवलंत. पहिल्यांदा तुमच्या पेठेतल्या फ्लॅटवर आले तेव्हा मी कप बघत होते. आमच्या माणसांना ती सवयच असते, घरात शिरलं की आपल्या हातात कुठला कप येतो ते बघायची. टवका उडालेला तुम्ही घेतलात, चांगला मला दिलात. मी पुढचे दोन महिने डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. एकदाही सापडला नाहीत. माझा स्कॉलरशिपचा फॉर्म ऑफिसात गहाळ झाला, तेव्हा क्लार्कच्या टेबलासमोर खुर्ची ओढून तुम्ही म्हणालात, "सापडेपर्यंत मी इथेच पेपर तपासते. माझे गठ्ठे बरेच आहेत." अर्ध्या तासात फॉर्म सापडला. माझा पहिला लेख तुम्ही सात वेळा परत पाठवलात, आणि आठव्यांदा नुसतं 'बरा' लिहिलंत. तो 'बरा' मी अजून जपून ठेवलाय. शोकसभेत मी रडले ते खोटं नव्हतं.

तर, तुमचं पुस्तक. माझं एम.ए. होईपर्यंत ते आलं. कौटुंबिक हिंसेच्या प्रकरणात आमचं घर होतं. 'सुमन (नाव बदलले आहे).' नाव बदललंत, बाकी काही नाही. दारूगोळा कारखान्यातला कामगार, डाव्या कानाने बहिरा, क्वार्टर्समधलं वरच्या मजल्यावरचं घर, दारात तुपाच्या डब्यात लावलेला कढीपत्ता, मुलगी कॉलेजात. 'तपशील हाच पुरावा,' तुम्ही शिकवायचात. मग नाव तरी कशाला बदललंत? सगळ्या खडकीत डावा कान गेलेला कारखान्याचा माणूस एकच होता.

आणि चार पानांचं तुम्ही दीड पान केलं होतंत. प्रुफं मीच वाचली. काय गळलंय ते मला दिसलं. मी दोन स्वल्पविराम दुरुस्त केले आणि प्रुफं परत दिली.

आणखीही एक गळलं होतं. हस्तलिखितात त्याच प्रकरणात दुसरी बाई होती. तुमच्याच गल्लीतली, इंजिनियरची बायको, हात मोडला की 'बाथरूममध्ये घसरले' म्हणणारी. छापताना ती गायब. मी विचारलं तर तुम्ही सहज म्हणालात, "अगं, ओळखतील ना लोक. समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहतात ते." मीही सहज ऐकलं. घरी जाऊन जेवले. त्यानंतर त्या प्रकरणात उरली फक्त सुमन. आता दरवर्षी माझे विद्यार्थी पेपरात लिहितात की कौटुंबिक हिंसा ही 'अशा वस्त्यांमध्ये' जास्त आढळते. मी त्यांना त्या उत्तराला पाचपैकी तीन देते. पुस्तकात तसंच आहे, दोन कसे देऊ?

पुस्तक कॉलेजांना लागलं. शेजारच्या घरातली प्रज्ञा तेव्हा बी.ए.ला होती. ती परीक्षा आली की गॅलरीत येरझाऱ्या घालत मोठमोठ्याने पाठ करायची. अण्णा दारात खुर्ची टाकून बसलेले, उजवा कान गॅलरीकडे. 'सुमनचा पती दारूगोळा कारखान्यात कामगार असून डाव्या कानाने बहिरा आहे. सदर बधिरत्व अपघाताने नसून...' दोनदा म्हणाली, तिसऱ्यांदा अडखळली. अण्णा म्हणाले, "बाळ, दे बघू ते पुस्तक." दोन दिवस ते त्यांच्याकडे होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी ते कागदात गुंडाळून तिला परत दिलं. आपला कान कसा गेला हे माझ्या बापाला एका पाठ्यपुस्तकातून कळलं, मॅडम. कुणाला आपल्या आजाराचं नाव डॉक्टर सांगतो, त्यांना तुम्ही सांगितलंत.

आईला मी एवढंच म्हटलं, "तू मला सांगितलेलं बाईंच्या पुस्तकात आलंय. अण्णांनी वाचलं." ती म्हणाली, "बरं." 

त्या दिवसापासून अण्णांनी आईवर हात उचलला नाही. आणि तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. चार वर्षं, मरेपर्यंत. जेवायला बसताना असे बसायचे की डावा कान तिच्याकडे यायचा. भाजीत मीठ जास्त झालं की मला सांगायचे, "तिला सांग, मीठ कमी टाक." ती दोन हातांवर असायची. मी सांगायचे, "आई, मीठ कमी टाक." ती मला म्हणायची, "सांग त्यांना, उद्यापास्नं बघते." असे निरोप मी दोन्ही बाजूंनी पोचवले. जयंतीला अण्णा मागे, चपलांच्या ढिगाजवळ उभे राहायला लागले.

मी तुम्हाला हे रडत सांगितलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात आठवतंय? चष्मा काढलात, पुसलात, आणि विचारलंत, "पण मारणं थांबलं ना?"

थांबलं होतं. तुम्ही प्रश्न असेच विचारायचात, समोरच्याने गप्प बसावं म्हणून. पण घरी जाताना बसमध्ये मला वाटत राहिलं की ही बाई माझ्या घराकडे अजून तक्त्यासारखीच बघतेय. एका रकान्यात मार, दुसऱ्या रकान्यात अबोला. एक कमी झाला, दुसरा वाढला, निष्कर्ष समाधानकारक!

मग दर आवृत्तीला आपलं भांडण. मी म्हणायचे काढा, तुम्ही म्हणायचात, "भावनेच्या भरात संदर्भसाहित्य काढत नाहीत." शेवटचं भांडण या दिवाळीनंतरचं. तुम्हाला दोन उशा लावून बसवलं होतं, दम लागत होता. आजारी माणसाशी भांडू नये म्हणतात. मी भांडले. तुमचीच विद्यार्थिनी.

"समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंना लोक ओळखतील म्हणून त्यांना वगळलंत," मी म्हटलं. "माझ्या आईला ओळखणार नाहीत असं का वाटलं तुम्हाला?"

तुम्ही खिडकीकडे बघितलंत. मग म्हणालात, "तिकडचं कुणी वाचेल, असं वाटलंच नाही गं मला."

"मी पहिल्या बाकावर बसत होते, मॅडम."

"तू वेगळी."

एवढंच. तू वेगळी. हे तुम्ही प्रेमाने म्हणालात, म्हणून जास्त लागलं. इतक्या वर्षांत मी तुमच्या घरी किती कप चहा प्यायले असेन, आणि कपात काही सापडलं नव्हतं. सापडलं ते इथे. लिहिणारे एकीकडे, लिहिले जाणारे दुसरीकडे, आणि मी तेवढी मधल्या पुलावरचा अपवाद. तुमच्या चेहऱ्यावरून कळत होतं की आपण काय बोललो ते तुम्हालाही ऐकू आलंय. दम खात तुम्ही म्हणालात, "नव्या आवृत्तीत बघू." मी म्हटलं, "बघूच." पाणीही न विचारता निघून आले. त्यानंतर तुम्ही दोनदा फोन केलात, मी उचलला नाही. तेव्हा काय सांगायचं होतं तुम्हाला? माफी मागणार होतात की संदर्भसूची विचारणार होतात? तुमच्या बाबतीत दोन्ही शक्य आहे.

तुमच्या भाचीने तुमच्या कपाटातल्या विद्यार्थ्यांच्या वह्या माझ्याकडे आणून दिल्या. "रद्दीत घालवेना," म्हणाली. त्यात माझी होती. खाकी कव्हर, माझं तेव्हाचं गोल गोल अक्षर.

गेल्या रविवारी सकाळी, वारज्याच्या घरी, आई मेथी निवडत होती. अण्णा गेल्यापासून ती माझ्याकडेच असते. मी म्हटलं, "आई, बाईंच्या पुस्तकातलं ते आपलं पान आता माझ्या हातात आहे. काढून टाकू का?"

"कंचं?"

"अण्णांनी वाचलं ते."

तिचे हात चालूच होते. मग म्हणाली, "वाच बरं येकदा. मला कुणी वाचूनच दाखवलं न्हाई."

खरंच नव्हतं दाखवलं, मॅडम. तिला सहीपुरतंच लिहिता येतं. मी ते पान दरवर्षी वर्गात वाचते, फळ्यावर मुद्दे काढते, साठ-साठ पोरांना समजावते. जिचं आहे तिला एकदाही नाही. तुम्हीही नाही, मीही नाही. मी पुस्तक आणलं आणि वाचलं. लवकर संपलं.

"फुडं?" आई म्हणाली.

"संपलं."

"आसं कसं संपंल? मी म्हणले व्हते की, सुदीत आसले तर सोन्यावानी माणूस. तुझ्या येळंला बाळंतपणात नळावर बायांच्या रांगंत बसून माझं धुणं धुतलं त्यांनी. लोक हसले, त्यांनी मान वर केली न्हाई. आन त्यांचा कान बघितला की माझा घास उतरत न्हाई, ह्ये बी म्हणले व्हते. लई रडले व्हते तवा. ते कुठाय?"

"ते छापलं नाही."

"तू लिवलं न्हाईस?"

मी उठून वही आणली आणि तिच्यापुढे उघडली. तिला अक्षरं कळत नाहीत, पेन्सिलीची रेघ कळते. अडीच पानांवर तुमची तिरपी रेघ, आणि समासात तुमच्या सुंदर अक्षरात तीनदा, 'विषयाला सोडून'. मी वाचून दाखवलं. आईने मेथीचे हात लुगड्याला पुसले आणि त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"म्हंजी त्यांनी ह्ये वाचलंच न्हाई."

"नाही."

"मला वाटलं, समदं वाचलं." ती माझ्याकडे बघत नव्हती. "मला वाटलं, चांगलं म्हणलेलं बी वाचलं, आन तरी त्वांड फिरवून बसला ह्यो माणूस. म्हणून मी बी बोलले न्हाई. म्हणलं, येवढं बोलून बी ह्याला त्याचं काय न्हाई, तर आसू दे. जाताना पाणी मागितलं त्यांनी. मी जवळ व्हते. तरी तुलाच हाक मारली, पाणी दे म्हणून."

मला आठवतं. पाणी मीच पाजलं.

मॅडम, मी हे सगळं तुमच्यावर ढकलायला बसले होते. रेघ तुम्ही मारलीत, हे खरं. त्याबद्दल मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही, आता तर तुम्हाला मागताही येणार नाही. पण काय गळलंय ते जगात दोघींनाच माहीत होतं, आणि तुम्ही खडकीला राहत नव्हतात. मी राहत होते. चार वर्षं त्या दोघांच्या मध्ये पाटावर बसून मी मिठाचे निरोप पोचवत होते. अण्णा, पुस्तकात अर्धंच छापलंय, ती पुढे असं म्हणाली होती. एवढं एक वाक्य होतं. मी ते बोलले नाही, कारण अण्णा समजत होते की तुम्हीच आईशी बोललात; बोलले असते तर मुलाखत कुणी घेतली आणि प्रुफं कुणी वाचली, हे अण्णांना कळलं असतं. मला त्यांची लाडकी राहायचं होतं. आणि तुमचीही.

चारही पानं मी जशीच्या तशी टाइप केली आहेत, खाली मुलाखत घेणारीचं नाव आणि नातं लिहून. प्रकाशकांना ती आज पाठवते, आणि त्यांनी मागितलेल्या दोन हृद्य पानांच्या जागी हे पत्र. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. पाठवण्याआधी आईला पुन्हा विचारलं. म्हटलं, या वेळी तुझं सगळं छापायचं म्हणतेय, एकही ओळ न गाळता. चालेल ना?

तिने विचारलं, "त्यांस्नी वाचून दाखवता येनार हाय का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग छाप, न्हाईतर चुलीत घाल."